शाळेच्या मैदानावर निग्रो लीगचा दिवस कसा साजरा करावा

दर फेब्रुवारीत साताऱ्यात आमच्या शाळेच्या मैदानावर आम्ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय व्यावसायिक बेसबॉलपटूंच्या नावाने एक दिवस साजरा करतो. सकाळी सामना, दुपारी पंगत, संध्याकाळी गोष्टी. कराड, वाई, फलटणकडच्या क्रीडाशिक्षकांचे फोन येतात: मॅडम, साहित्य काय लागतं, मुलांना सांगायचं काय, लोक येतात का? सगळ्यांनाच उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी स्वतः सॉफ्टबॉलची कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी) होते, आता शारीरिक शिक्षण शिकवते. त्यामुळे मैदानाबद्दल आणि स्कोअरबद्दल जरा जास्तच येईल, ते चालवून घ्या.

ज्यांना विषयच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर टोलेडोच्या संघातून मोठ्या लीगमध्ये (मेजर लीग, म्हणजे तिथलं सर्वात वरच्या दर्जाचं बेसबॉल) खेळत होता. त्यानंतर गोऱ्या संघमालकांनी एकजुटीने दार लावून घेतलं. मोठ्या लीगच्या नियमपुस्तकात तसा नियम कुठेही छापलेला नव्हता, तरी १९४७ उजाडेपर्यंत सगळ्यांनी तो पाळला. मग कृष्णवर्णीयांनी स्वतःचे संघ, स्वतःच्या लीग, स्वतःचे अंपायर, स्वतःची वर्ल्ड सिरीज (हंगामाअखेरची अंतिम मालिका) उभी केली. आपण साजरं करायचं ते हे उभं केलेलं काम. दुःख त्यात आहेच, ते सांगायचंही आहे; पण मुलांना आधी खेळ दिसला पाहिजे, मग त्या खेळाडूंशी काय वागणूक झाली ते. उलट केलंत तर पोरं खाली मान घालून ऐकतात आणि घरी जातात.

"आपला काय संबंध?" हा प्रश्न सभेत कुणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. आपल्या माणसांनी दीडशे वर्षांपूर्वीच हा संबंध जोडून ठेवलाय, आपण फक्त तो पुढे न्यायचा.

तारीख ठरवताना

मोठा कार्यक्रम करायचा असेल तर १३ फेब्रुवारी. १९२० साली याच दिवशी कॅन्सस सिटीतल्या पसेओ वायएमसीएच्या इमारतीत रूब फॉस्टरने संघमालकांना एकत्र बसवून निग्रो नॅशनल लीग स्थापन केली. फॉस्टर टेक्सासचा. आधी नावाजलेला पिचर (बॅटरकडे चेंडू टाकणारा), मग शिकागो अमेरिकन जायंट्सचा मॅनेजर आणि मालक. पहिल्या हंगामात आठ संघ होते. पहिला सामना २ मे १९२० ला इंडियानापोलिसला झाला आणि यजमान एबीसीज संघाने शिकागो जायंट्सना (हा फॉस्टरच्या संघाहून वेगळा संघ) ४-२ असं हरवलं.

तारीख आडवारी आली तर जवळचा रविवार धरा. तिकडेही सामन्यांचा खरा वार रविवारच. चर्च सुटलं की माणसं ठेवणीतल्या कपड्यांत थेट मैदानावर यायची, बायकांच्या डोक्यावर हॅट, पुरुष सुटाबुटात. म्हणून आम्ही निमंत्रणात एक ओळ आवर्जून घालतो: ठेवणीतले कपडे घालून या. त्या ओळीने फरक पडतो. आया पैठणी नेसून येतात, आजोबा फेटा बांधून येतात, आणि मैदानावरची मुलंही जपून, नीट खेळतात.

दोन अडचणी आधीच ध्यानात घ्या. १९ फेब्रुवारीला शिवजयंती असते, त्यामुळे मंडपवाले, स्पीकरवाले, हलगीवाले त्या आठवड्यात कुणाला सापडत नाहीत. जानेवारीतच सांगून ठेवा. आणि बारावी-दहावीच्या परीक्षा तोंडावर असतात, म्हणून खेळणारी मुलं-मुली आठवी-नववीची घ्या.

दुसरी तारीख १५ एप्रिल. १९४७ मध्ये त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या लीगमधल्या ब्रुकलिन डॉजर्सकडून एबेट्स फील्डवर उतरला आणि दार उघडलं. आता दर १५ एप्रिलला तिथल्या मोठ्या लीगमधले सगळे खेळाडू त्याचा ४२ नंबर पाठीवर घालतात. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीला लागूनच हा दिवस येतो, त्यामुळे वाचनालयात किंवा समाजमंदिरात तासाभराचा छोटा कार्यक्रम सहज होतो. सामना मात्र तेव्हा ठेवू नका, आपल्याकडचं एप्रिलचं ऊन मुलांना झेपत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी फेब्रुवारीच धरा. एप्रिलमध्ये सगळी संध्याकाळ एकट्या रॉबिन्सनची होते आणि त्याच्या आधीची सगळी माणसं मागे राहतात.

मैदान आखणं

जिल्हा क्रीडा संकुलाचं मैदान मिळालं तर छानच, पण शाळेचं मैदान पुरतं. बेस म्हणजे धावणाऱ्याने ओळीने गाठायचे थांबे. बेसबॉलचं माप मोठं, दोन बेसमध्ये २७.४३ मीटर. मुलांसाठी सॉफ्टबॉलचं माप घ्या, १८.२९ मीटर. लोक चौकोन आखताना काटकोनाच्या नादी लागतात आणि तिसरी बेस हमखास तिरकी जाते. साधी रीत सांगते. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या पाटीच्या, टोकाला खिळा ठोका. तिथून सरळ समोर २५.८६ मीटरवर दुसरा खिळा, ती तुमची सेकंड बेस. आता ३६.५८ मीटर लांबीची सुतळी घ्या, तिच्या बरोबर मध्यावर गाठ मारा, आणि दोन टोकं दोन खिळ्यांना बांधा. गाठ धरून उजवीकडे ताठ ओढली की गाठ जिथे येईल ती फर्स्ट बेस; डावीकडे ओढली की थर्ड. मापं पिचरच्या पाटीला आणि फाउल रेषांनाही (होमपासून फर्स्ट आणि थर्डवरून जाणाऱ्या हद्दीच्या रेषा) बघून घ्या, मग फक्की मारा. या वयाच्या मुलांसाठी पिचरची पाटी होमपासून बारा मीटरच्या आसपास ठेवली तरी चालते. फक्की सकाळी लवकर मारा, वारा सुटला की ती उडते.

साहित्यात एकाच गोष्टीवर तडजोड करायची नाही: कॅचरचा मास्क, छातीचं पॅड आणि बॅटिंगची हेल्मेटं. ग्लोव्हज कमी असले तर दोन्ही संघांनी आळीपाळीने वापरावेत, बॅट दोन पुरतात. लहान भावंडं येतात, त्यांच्यासाठी बाजूला प्लॅस्टिकचा चेंडू-बॅट ठेवा, म्हणजे ती खेळणाऱ्यांच्या मध्ये येत नाहीत.

संघ आणि नावं

आम्ही दोन संघ करतो, कॅन्सस सिटी मोनार्क्स आणि न्यूअर्क ईगल्स. १९४६ ची निग्रो वर्ल्ड सिरीज याच दोघांत झाली आणि सात सामन्यांच्या झुंजीनंतर ईगल्सने ती ४-३ अशी जिंकली. टी-शर्ट छापायच्या खर्चात पडू नका. पांढऱ्या कपड्याची पट्टी, त्यावर देवनागरीत खेळाडूचं नाव, पाठीवर सेफ्टी पिनने लावायची.

नावं जागेप्रमाणे द्या, म्हणजे मुलाला आपल्या नावाशी नातं जुळतं. खेळाडू वेगवेगळ्या संघांतले असले तरी हरकत नाही. कॅचरला जॉश गिब्सन. पिचरला सॅचेल पेज. फर्स्ट बेसला बक लिओनार्ड, थर्डला ज्युडी जॉन्सन, शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्डच्या मधला फील्डर) विली वेल्स. मैदानाच्या मागच्या भागात कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्सटन, टर्की स्टर्न्स. सेकंड बेसला टोनी स्टोन, आणि ती पट्टी मुलीलाच द्या, कारण टोनी स्टोन बाई होती. १९५३ साली ती इंडियानापोलिस क्लाउन्सकडून पुरुषांच्या व्यावसायिक संघात सेकंड बेस खेळली. त्याच क्लाउन्सकडून वर्षभर आधी, पुढे मोठ्या लीगमध्ये गाजलेला हँक आरन खेळून गेला होता. दुसऱ्या संघाच्या पिचरला मेमी जॉन्सनचं नाव द्या, तीही क्लाउन्सचीच, उंचीने लहान म्हणून तिला 'पीनट' म्हणायचे. आमच्याकडे या दोन पट्ट्यांसाठी मुलींची चढाओढ लागते.

ज्याला जे नाव मिळेल त्याने त्या माणसाबद्दल तीन वाक्यं पाठ न करता सांगता आली पाहिजेत. बॅटिंगला येताना माइकवर ती सांगायची आणि मगच उभं राहायचं. सामना थोडा लांबतो, पण बघणाऱ्यांना नावं कळतात ती अशानेच. बोलताना एक पथ्य: लीगचं नाव त्या काळातलं आहे म्हणून 'निग्रो लीग' म्हणा, माणसांबद्दल बोलताना कृष्णवर्णीय म्हणा. निवेदकाला हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

सामन्याआधी हलगी-लेझीम लावून मुलांची छोटी मिरवणूक काढा. कॅन्सस सिटीत हंगामाच्या पहिल्या दिवशी मोनार्क्सची अशीच मिरवणूक निघायची. त्यानंतर 'शॅडो बॉल'. हा प्रकार चुकवू नका. त्या काळातले संघ सरावाच्या वेळी लोकांसमोर चेंडूशिवाय खेळायचे: बॅटर मारल्यासारखं करणार, शॉर्टस्टॉप झेपावून न दिसणारा चेंडू उचलणार, फर्स्टला फेकणार, फर्स्टवाला ग्लोव्हमध्ये थाप देऊन घेणार. हे इतक्या वेगाने चालायचं की मागच्या रांगेतल्या लोकांना चेंडू आहे असंच वाटायचं. मुलांना हे शिकवायला आठवडाभर रोज दहा मिनिटं द्या. गुपित नजरेत आहे. सगळ्यांची नजर त्या नसलेल्या चेंडूबरोबर एकदम फिरली पाहिजे, एकाची जरी चुकली तरी खेळ मोडतो. आणि याने फील्डिंग खरोखर सुधारते, कारण पाय आणि हात चेंडूच्या आधी जागेवर यायला शिकतात. मी आता नेहमीच्या सरावातही हे घेते.

पाण्याची सोय

पाण्याचं आधी बघा, स्टेजचं नंतर. मैदानाच्या चारही बाजूंना माठ, प्रत्येक माठाला ओगराळं, आणि खेळाडू, पाहुणे, मंडपवाले, मुलं सगळ्यांनी तेच पाणी प्यायचं. पाहुण्यांसाठी वेगळ्या बाटल्या आम्ही ठेवत नाही. का, ते माठापाशी एका मोठ्या कागदावर लिहून लावतो. त्यात दोन प्रसंग असतात.

पहिला तिकडचा. हे संघ हंगामभर बसने गावोगाव फिरायचे, दिवसाला दोन, कधी तीन सामने खेळायचे. अमेरिकेच्या दक्षिणेत हॉटेलं त्यांना खोली द्यायची नाहीत, खानावळी आत घ्यायच्या नाहीत. बसमध्येच झोपायचं, मागच्या दाराने मिळेल ते बांधून घ्यायचं. मोनार्क्सचा खेळाडू बक ओनील एक गोष्ट सांगत असे. १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन मोनार्क्सकडे होता. ओक्लाहोमातल्या एका पेट्रोल पंपावर त्यांची बस कैक वर्षं पेट्रोल भरायची, पण संडास वापरू द्यायचे नाहीत आणि संघानेही ते अंगवळणी पाडून घेतलं होतं. रॉबिन्सन उतरून तिकडे चालू लागला. मालकाने अडवल्यावर त्याने सांगितलं, मग पेट्रोलची नळी काढून घ्या, आम्ही दुसरीकडे भरतो. एवढं मोठं गिऱ्हाईक जातंय म्हटल्यावर मालकाने जाऊ दिलं. त्यानंतर मोनार्क्सनी नियमच केला: जिथे संडास वापरता येत नाही तिथे पेट्रोल घ्यायचं नाही.

दुसरा प्रसंग आपल्या जिल्ह्यातला, १९०१ च्या सुमाराचा. साताऱ्यात शिकणारा लहान भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे कोरेगावला निघाले. पाडळीला गाडीत बसले, मसूरला उतरले. न्यायला कुणी आलं नव्हतं. नवे कपडे घातलेली पोरं पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करत होता, जात कळल्यावर मागे सरला. बैलगाडीवाले नेईनात. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एकजण तयार झाला, तोही या अटीवर की पोरांनीच गाडी हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्रभराच्या वाटेत कुणी पाणी दिलं नाही. जेवणाचा डबा बरोबर होता, पण पाण्यावाचून पोरं उपाशीच झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. मसूर, कोरेगाव ही नावं मुलांच्या रोजच्या एसटीच्या पाटीवरची. ते वाचून मुलं मग पहिला प्रसंग पुन्हा वाचतात, हे मी बघते.

जेवण साधं ठेवा. झुणका-भाकरी, भात-आमटी, शेवटी कंदी पेढा. सामन्यात खायला भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा. बेसबॉलच्या मैदानावर शेंगा तिकडेही चालतात आणि आपल्याकडे फेब्रुवारीत त्या स्वस्त पडतात. टरफलांसाठी पोती ठेवा.

स्कोअरचं टेबल

माझ्या दृष्टीने कार्यक्रमाचा कणा हा आहे. होम प्लेटच्या मागे, जाळीआड, पाहुण्यांच्या खुर्च्यांच्याही पुढे स्कोअररचं टेबल मांडा. दोन मुलं, दोन वह्या, स्वतंत्रपणे लिहायचं आणि दर इनिंगला पडताळायचं.

कारण असं की हे खेळाडू आज आपल्याला माहीत आहेत ते कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून. गोरी वर्तमानपत्रं या सामन्यांकडे बहुतेक काणाडोळा करायची. पिट्सबर्ग कुरियर, शिकागो डिफेंडर ही कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रं स्कोअर छापायची. पुढे अभ्यासकांनी कित्येक वर्षं त्या अंकांच्या मायक्रोफिल्मवरून एकेक सामना उतरवून काढला. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना मोठ्या लीगचा दर्जा मान्य केला, आणि मे २०२४ मध्ये २,३०० हून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले. त्या दिवशी जॉश गिब्सनची आयुष्यभराची बॅटिंग सरासरी ०.३७२ अशी नोंदली गेली आणि टाय कॉबचं ०.३६७ मागे पडलं. कॉब कित्येक दशकं पहिल्या जागी होता.

क्रिकेटवाल्या प्रेक्षकांना ०.३७२ चा अर्थ सांगावा लागतो. अधिकृत धरलेल्या बॅटिंगच्या दर हजार संधींत ३७२ वेळा फटका मारून सुखरूप बेसवर. बेस ऑन बॉल्स, म्हणजे चार खराब चेंडूंवर मिळालेली बेस, त्यात धरत नाहीत. मुलांना लगेच गणित करायला लावा: आठ संधी, तीन हिट, ०.३७५. एका दुपारपुरती आपली मुलगी गिब्सनच्या पुढे जाते! मग विचारा, हेच सबंध कारकीर्दभर जमेल का? तेव्हा ती सरासरी किती अवघड होती ते त्यांना कळतं.

आणखी एक फरक मुलांना दाखवा. हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मान-दालनातल्या गिब्सनच्या फलकावर जवळपास ८०० होमरन (एकाच फटक्यावर सगळ्या बेस फिरून घरी येणं) असं लिहिलंय, त्यात लीगबाहेरचे गावोगावचे सामने धरलेत. अधिकृत आकडा त्याहून फारच लहान आहे, कारण त्यात फक्त लीगचे आणि छापील स्कोअर सापडलेले सामने. म्हणजे ज्या सामन्याचा कागद नाही, त्यातला फटका हिशेबातच नाही. गिब्सन २० जानेवारी १९४७ ला गेला, पस्तिसाव्या वर्षी. रॉबिन्सन मैदानात उतरायला तीन महिनेही उरले नव्हते.

हे मला इतकं लागतं त्याचं कारण घरचंच आहे. माझ्या खेळण्याच्या काळातल्या मुलींच्या सामन्यांचे स्कोअर मी एकदा मागायला गेले, तर "मुलींचं कोण ठेवतंय" असं उत्तर मिळालं. आमच्या संघातली एक डावखुरी मुलगी काय तडाखेबंद मारायची, ते आज मी तोंडी सांगते, तेवढाच पुरावा. म्हणून माझ्या शाळेत आता आंतरवर्गीय सामन्याचाही स्कोअर वहीत गेला पाहिजे, हा माझा हट्ट आहे.

लिहिण्याची पद्धत दोन तासांत शिकवता येते. जागांना आकडे असतात: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, डावीकडचा फील्डर ७, मधला ८, उजवीकडचा ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून फर्स्टला फेकला आणि धावणारी बाद, की चौकटीत ६-३. झेल मधल्या फील्डरने घेतला की ८. तीन स्ट्राइकवर बाद झाली की 'के'. प्रत्येक खेळाडूच्या चौकटीत छोटा हिरा काढून ती किती बेस पळाली तेवढ्या बाजू गिरवायच्या, घरी आली की हिरा भरायचा. पेन्सिलने लिहा, संध्याकाळी शाईने उतरवा. पट्टीवरच्या नावाबरोबर मुलीचं स्वतःचं पूर्ण नाव लिहायला विसरू नका.

संध्याकाळच्या गोष्टी

तासाभरात आवरा. लोक दिवसभर थांबलेले असतात. रॉबिन्सनपासून सुरुवात करू नका, तो शेवटाकडे. क्रम असा ठेवला की गोष्ट चालती राहते: आधी वॉकर, मग फॉस्टर आणि १९२० ची बैठक. मग दिव्यांची गोष्ट, कारण तोवर अंधार पडू लागलेला असतो. मोनार्क्सचा मालक विल्किन्सन याने १९३० मध्ये ट्रकवर उभारता येणारे दिव्यांचे खांब आणि जनरेटर घेऊन रात्रीचे सामने सुरू केले. मोठ्या लीगचा पहिला रात्रीचा सामना सिनसिनाटीत झाला तो २४ मे १९३५ ला. दिवसभर कामावर जाणाऱ्या लोकांना सामना बघता यावा, हे मोठ्या लीगच्या पाच वर्षं आधी त्यांनी करून दाखवलं. हे सांगायच्या क्षणी मंडपवाल्याला हॅलोजन लावायला सांगा.

मग ईस्ट-वेस्ट सामना, पूर्व आणि पश्चिमेकडच्या निवडक खेळाडूंचा. १९३३ पासून दरवर्षी शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर व्हायचा, खेळाडू निवडायला वाचक वर्तमानपत्रांतून मतं द्यायचे, आणि १९४३ मध्ये त्याला ५१ हजारांहून अधिक लोक आले. सॅचेल पेजची गोष्ट मुलांवर सोपवा, ती रंगवून सांगतात: बेचाळिसाव्या वर्षी क्लीव्हलंडकडून मोठ्या लीगमध्ये पहिला सामना, आणि १९६५ मध्ये एकोणसाठाव्या वर्षी पुन्हा एकदा उतरून तीन इनिंगमध्ये फक्त एक हिट दिली.

एफा मॅनलीची गोष्ट आमच्याकडे बचत गटातली एखादी ताई सांगते, आणि सगळ्यात चांगली सांगते. मॅनली न्यूअर्क ईगल्सची मालकीण. पगार, प्रवास, करार सगळं स्वतः बघायची. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेली ती पहिली आणि अजूनही एकमेव स्त्री, २००६ साली. रॉबिन्सनला घेताना डॉजर्सनी मोनार्क्सना एक पैसाही दिला नाही. मॅनलीने मात्र लॅरी डोबी क्लीव्हलंडला देताना मोबदला वाजवून घेतला, १५,००० डॉलर. डोबी ५ जुलै १९४७ ला क्लीव्हलंडकडून उतरला.

रॉबिन्सननंतर काय झालं तेही सांगा, टाळू नका. चांगले खेळाडू मोठ्या लीगमध्ये गेले, प्रेक्षक त्यांच्यामागे गेले आणि कृष्णवर्णीयांचे संघ एकामागून एक बंद पडले. मालक, मॅनेजर, तिकीटवाले, बसचालक यांना त्या दारातून कुणी आत घेतलं नाही. आनंद आणि नुकसान एकाच वेळी घडलं, हे नववीच्या मुलांना नीट कळतं.

वेळ उरला तर पळवणकर बाळूंबद्दल दोन मिनिटं बोला. दलित समाजातल्या या फिरकी गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांच्या भावाला, विठ्ठलला मिळालं. प्रेक्षकांतले म्हातारे लोक इथे हमखास काहीतरी आपल्या आठवणीतलं सांगतात, त्यांना सांगू द्या.

शेवटी टोप्या. २०२० मध्ये लीगच्या शताब्दीला कॅन्सस सिटीच्या निग्रो लीग बेसबॉल संग्रहालयाने लोकांना आवाहन केलं की डोक्यावरची टोपी उंचावून या खेळाडूंना मानवंदना द्या. अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांनीही तसे फोटो पाठवले. आपण तेच करतो. एक मुलगी नावं वाचते, सगळे उभे राहतात, आणि प्रत्येक नावाला टोप्या वर. कॅप, गांधी टोपी, फेटा, जे असेल ते. २० जून २०२४ ला बर्मिंगहॅमच्या रिकवूड फील्डवर मोठ्या लीगचा सामना याच खेळाडूंच्या सन्मानार्थ झाला. १९४८ मध्ये त्याच मैदानावर ब्लॅक बॅरन्सकडून खेळलेला विली मेज दोनच दिवस आधी वारला होता. आमच्या यादीत शेवटचं नाव त्याचं असतं.

खर्च आणि आवराआवर

खर्च मंडप, स्पीकर, जेवण आणि फक्की एवढाच. वर्गणीची पावती फाडा, जमाखर्च फळ्यावर लावा. प्रदर्शनासाठी नेटवरचे फोटो छापू नका, त्यांचे हक्क कुणाचे असतात ते समजत नाही. चित्रकलेच्या सरांना सांगून मुलांकडून चित्रं काढून घ्या. नावांचं स्पेलिंग सगळ्या फलकांवर एकसारखं आहे ना, ते एका माणसाने तपासावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळ्या, खिळे मोजून आत घ्या, खिळा राहिला तर कबड्डीवाल्यांच्या पायात जातो. स्कोअरचं शाईतलं पान झेरॉक्स करून एक प्रत स्थानिक वर्तमानपत्राला द्या, मुलींच्या पूर्ण नावांसह. छापायला लागतात तेवढ्याच ओळींची बातमी स्वतः लिहून द्या, म्हणजे छापून येते. एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात, दाखल नंबर घालून. मूळ वही क्रीडाशिक्षकाच्या घरी न ठेवता शाळेच्या कपाटात ठेवा, कारण आपली बदली होते.